करमत नाही, म्हणजे नेमके काय होते?



२०२५ सालच्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर होते, तेव्हा आपल्या घराघरांत तोच एक विषय होता. त्यांनी सोबत आमरस नेला, गाजराचा आणि मुगाच्या डाळीचा हलवा नेला, तिथे मूग आणि मेथी रुजवून पाहिली, हे सारे आपल्या मुलांना तोंडपाठ झाले. त्याआधी सुनीता विल्यम्स जून २०२४ मध्ये आठवडाभरासाठी म्हणून गेल्या आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये परत आल्या. तेव्हा आपण काळजी केली ती त्यांच्या हाडांची, स्नायूंची आणि परतीच्या यानाची. मनाचे काय होत असेल, हे फार थोड्यांनी विचारले.

आम्ही पेशाने रसायनशास्त्रातले. डॉक्टरेट मिळवली असली तरी औषध लिहून देणारे डॉक्टर नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. पण मेंदूतली रसायने, अंतराळातले जगणे आणि नैराश्य यांचा संबंध काय, हा प्रश्न आम्हाला आपल्या वार्तापत्रात मांडावासा वाटतो. कारण त्याचे उत्तर आपल्या सिंगापूरमधल्या घरांपर्यंत येऊन पोहोचते.

आधी अंतराळातली परिस्थिती पाहू. स्थानक सुमारे दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारते. म्हणजे आपल्या एका दिवसात तिथे सोळा वेळा सूर्य उगवतो आणि सोळा वेळा मावळतो. आपल्या डोळ्यांत पाहण्यासाठी असलेल्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. बाहेर उजेड किती आहे एवढेच त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. त्या निरोपावर रात्री मेलॅटोनिन किती सुटायचे आणि पहाटे कॉर्टिसॉल कधी वाढायचे, हे ठरते. निरोपच उलटसुलट आले की घड्याळ बिघडते. अमेरिकी अंतराळवीरांच्या झोपेचा दीर्घ अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांना रात्री साडेआठ तास झोपायला दिलेले असतात, पण प्रत्यक्षात झोप मिळते सरासरी सहा तास, असे त्यात आढळले. स्थानकावर राहिलेल्यांपैकी सुमारे पाऊण जणांनी झोपेचे औषध घेतले होते.

दुसरी गोष्ट हवेची. बंद जागेत कार्बन डायऑक्साइड साठतो. यंत्रे तो काढून टाकतात, तरी त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या कित्येक पट राहते. तिसरी गोष्ट वजनरहित अवस्थेची. अंगातले पाणी डोक्याकडे चढते, चेहरा सुजतो, तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाचा गोंधळ उडतो. चौथी किरणोत्साराची. स्थानकाला पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे बरेच संरक्षण मिळते, मंगळाच्या वाटेवर ते मिळणार नाही. आणि पाचवी गोष्ट म्हणजे तीच चार-सहा माणसे, तोच पंखा, तीच घरघर आणि दार उघडून बाहेर जाण्याची सोय नाही.

यातून मेंदूच्या रसायनात काही बदलते का? रशियाने २०१३ साली बिऑन-एम १ या उपग्रहातून उंदीर महिनाभर अंतराळात ठेवले होते. जिवंत परतलेल्या मोजक्या उंदरांचे मेंदू तपासले, तेव्हा डोपामिन बनवणाऱ्या आणि मोडणाऱ्या काही जनुकांचे काम मंदावलेले दिसले. सेरोटोनिनच्या व्यवस्थेत त्यामानाने थोडेच बदल होते. डोपामिनचा संबंध हुरूप वाटण्याशी, हालचालीशी, एखादी गोष्ट हवीशी वाटण्याशी आहे. म्हणून हा निष्कर्ष महत्त्वाचा. पण उंदीर उदास होता की नाही, हे त्याच्या जनुकांवरून सांगता येत नाही, आणि उंदरावरून माणसाबद्दल छातीठोक बोलणे तर शास्त्राला धरून नाही.

माणसांबद्दल जे कळले आहे, त्यातले बरेचसे पृथ्वीवरच कळले आहे. अंतराळासारखी एकांताची जागा इथे शोधायची तर ती अंटार्क्टिका. आणि अंटार्क्टिकाचा रस्ता आपल्या गोव्यातून जातो. भारताची पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. आज या मोहिमा आखणारे राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रही वास्कोलाच आहे. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत नागपूरला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आणि गोव्यात समुद्रविज्ञानात काम करणाऱ्या डॉ. अदिती पंत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या स्त्रिया. त्या गेल्या तिथल्या उन्हाळ्यात. त्याच मोहिमेने दक्षिण गंगोत्री हे ठाणे उभारले आणि १९८४ साली भारतीय तुकडी पहिल्यांदा तिथे हिवाळाभर राहिली. आज मैत्री आणि भारती या ठाण्यांवर दरवर्षी माणसे हिवाळा काढतात. मैत्रीवर जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही. जहाज येत नाही, पत्र येत नाही, घरी काहीही झाले तरी निघता येत नाही.

अशा ठिकाणी मेंदूचे काय होते, हे जर्मनीच्या नॉयमायर ठाण्यावर पाहिले गेले. तिथे चौदा महिने राहिलेल्या नऊ जणांचा अभ्यास डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मेंदूतल्या स्मृतीशी निगडित भागाचा एक कोपरा सरासरी सात टक्क्यांनी आकसला होता. रक्तातले बीडीएनएफ नावाचे प्रथिन पहिल्या तीन महिन्यांतच बरेच घटले होते आणि परतल्यावर दीड महिन्यानेही ते पूर्ववत झाले नव्हते. बीडीएनएफ म्हणजे चेतापेशींचे खत समजा. ते व्यायामाने वाढते, एकसुरी जगण्यात आणि ताणात घटते, आणि नैराश्य आलेल्या माणसांत बहुधा कमी आढळते. अमेरिकेच्या अंटार्क्टिक ठाण्यांवर हिवाळा काढलेल्यांच्या एका पाहणीत सुमारे पाच टक्के लोकांना उपचारांची गरज भासेल इतका मानसिक त्रास झाल्याचे दिसले. मॉस्कोत २०१० ते २०११ या काळात सहा जणांना मंगळाच्या प्रवासाची नक्कल म्हणून ५२० दिवस बंद ठेवले होते. त्यांतल्या एकाला जवळजवळ सगळ्या काळात नैराश्याची लक्षणे होती. इतर काहींची झोप बिघडली. आणि बहुतेक सगळ्यांची हालचाल हळूहळू कमी होत गेली.

आमच्या मते या सगळ्यातली मुख्य गोष्ट अशी. ही माणसे हजारांतून निवडलेली असतात. शरीराने धडधाकट, मनाने खंबीर, शिकलेली, प्रशिक्षण घेतलेली आणि स्वतःच्या इच्छेने गेलेली. त्यांच्यातलाही कोणी कोणी खचतो. मग नैराश्य म्हणजे मनाचा दुबळेपणा, हे आपले आवडते मत कुठे टिकते? उजेड, झोप, हालचाल, माणसे आणि करण्यासारखे काम, या पाच गोष्टी काढून घेतल्या की चांगल्या चांगल्यांच्या मेंदूचे रसायन हलते. तो शरीराचा धर्म आहे, स्वभावाचा दोष नव्हे.

इथे रसायनशास्त्राच्या बाजूने एक खुलासा करायला हवा. रक्तात लोह कमी झाले की पंडुरोग, तसे सेरोटोनिन कमी झाले की नैराश्य, असे सोपे समीकरण आपण ऐकत आलो आहोत. ते तितके खरे नाही. २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला आणि सेरोटोनिनच्या कमतरतेमुळे नैराश्य येते याला भक्कम पुरावा नसल्याचे म्हटले. त्यावरून काहींनी गोळ्या निरुपयोगी ठरवल्या. तो निष्कर्ष चुकीचा आहे. डोकेदुखी ॲस्पिरिनच्या अभावी होत नाही, तरी ॲस्पिरिनने ती थांबते. गोळ्यांचा अनेकांना, विशेषतः तीव्र नैराश्यात, उपयोग होतो. आपल्यापैकी कोणी त्या घेत असेल तर हे वाचून किंवा कोणाचे ऐकून बंद करू नयेत. त्या एकदम सोडल्याने त्रास होतो. डॉक्टरांना विचारूनच कमी कराव्यात.

आता आपल्या घराकडे येऊ. सिंगापूर म्हणजे अंतराळ नव्हे. इथे वजन आहे, किरणोत्सार नाही आणि खाली उतरले की कोपीटियम आहे. बारा महिने बारा तासांचा दिवस, त्यामुळे युरोपातल्यासारखे हिवाळ्याचे नैराश्यही इथे नाही. पण आपल्यातले काही जण दिवस कसा घालवतात ते मोजून पाहा. १९८२ साली इथले घड्याळ अर्ध्या तासाने पुढे सरकवले. तेव्हापासून सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि शाळेची मुले बहुधा अंधारातच उठतात. मोठी माणसे एमआरटीने जातात आणि दिवसभर वातानुकूलित कार्यालयात दिव्याखाली बसतात. घरातल्या दिव्याचा उजेड साधारण शंभर ते तीनशे लक्स असतो. बाहेर ढगाळ असले तरी दहा हजार लक्सच्या आसपास मिळतो. मेंदूतल्या घड्याळाला हा फरक कळतो, आपल्या डोळ्यांना तो जाणवत नाही एवढेच.

सर्वांत जास्त भरडले जातात ते दोन प्रकारचे लोक. एक, नोकरी सोडून डिपेंडंट पासवर आलेली पत्नी किंवा आलेला पती. दुसरे, मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला आलेले आईवडील. गावी ज्या आईला भाजीवालीशी घासाघीस, देवळात दोन तास आणि शेजारणीशी अंगणात बोलणे होते, ती इथे विसाव्या मजल्यावर पडदे ओढून टीव्हीपुढे बसते. बाहेर ऊन, खाली उतरले तर रस्ता चुकेल ही भीती, लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांची भाषा वेगळी. घरात काम आहे, पण कामवाली करते. नातवंडे साडेसहाला जातात आणि ट्यूशन करून संध्याकाळी येतात. उजेड, हालचाल, माणसे, काम यांतले किती उरले?

आणि ती नैराश्य हा शब्द कधीच वापरत नाही. ती म्हणते, "करमत नाही." वडील म्हणतात, "अन्नाला चव नाही," "रात्री तीनला जाग येते," "पोटात गोळा येतो," "आता परत पाठव, कशाला मी इथे?" हे आपण गावची आठवण म्हणून सोडून देतो. डॉक्टरांच्या पुस्तकात कशातही गोडी न वाटणे, पहाटे फार लवकर जाग येणे, भूक जाणे आणि आपण निरुपयोगी आहोत असे वाटणे ही नैराश्याची लक्षणे म्हणून दिलेली असतात. शब्द वेगळे, तक्रार तीच. हे दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज चालले असेल, तर ते नुसते करमत नाही नव्हे. डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइड, ब जीवनसत्त्व, इतर औषधांचे परिणाम यांमुळेही असे होते, तेही तपासले जाते.

काही सभासद म्हणतील, आमच्या आजीच्या वेळी असले काही नव्हते. होते. तेव्हा त्याला "हाय खाल्ली" म्हणत, "मनाला लावून घेतले" म्हणत, आणि कोणी विहीर जवळ केली तर पाय घसरला म्हणत. शिवाय आजीच्या दिवसात पहाटेचा उजेड, दळण, पाणी आणि दहा माणसे होती. आपण त्या पाची गोष्टी मागे ठेवून आलो आहोत.

२०२० साली तर सारे बेटच अंतराळ स्थानक झाले होते. ७ एप्रिलपासून १ जूनपर्यंत आपण घरात होतो. वसतिगृहांतले तीन लाखांहून अधिक परदेशी कामगार त्यानंतरही कितीतरी महिने खोल्यांत अडकून होते, हेही विसरू नये. विमाने बंद होती. आपल्यापैकी कित्येकांनी आईचे किंवा वडिलांचे अंत्यदर्शन फोनच्या पडद्यावर घेतले. अंतराळवीर डॅनियल तानी यांची आई डिसेंबर २००७ मध्ये अपघातात गेली, तेव्हा ते स्थानकावर होते. ते परतले फेब्रुवारी २००८ मध्ये. त्यांच्यासाठी डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि सहकारी तयार होते. आपल्यातल्या ज्यांनी ते दुःख बंद दाराआड गिळले, त्यांना आपण काय दिले? व्हॉट्सॲपवर हात जोडल्याचे चित्र. ते दुःख अजून तसेच बसलेले असेल, हे ध्यानात ठेवून त्यांच्याशी आजही बोलायला हरकत नाही.

अंतराळ संस्था यावर काय करते, ते पाहण्याजोगे आहे. उपाय अगदी घरगुती आहेत. २०१६ पासून स्थानकावर असे दिवे बसवले, की सकाळी निळसर उजेड देतात आणि झोपण्याआधी तांबूस. रोज सुमारे दोन तास व्यायाम. ठरलेली झोपेची वेळ. आठवड्याला कुटुंबाशी बोलणे. घरचे जिन्नस पाठवणे. आणि दर दोन आठवड्यांनी प्रत्येकाचे मानसतज्ज्ञाशी खासगी बोलणे. प्रत्येकाचे, हे महत्त्वाचे. बिघडलेल्याचे नव्हे. वेळापत्रकातच आहे म्हटल्यावर त्यात लाज कसली? "तुला का जावे लागले?" असे कोणी विचारत नाही, कारण सगळेच जातात.

आपले म्हणणे एवढेच आहे, की मंडळानेही हेच सूत्र धरावे. मदत ही आजाऱ्यासाठीची खास सोय न ठेवता सर्वांसाठीची रीत करावी. कार्यकारिणीपुढे आम्ही चार सूचना ठेवत आहोत.

पहिली. नव्याने आलेल्या प्रत्येक कुटुंबाला दोन जुनी कुटुंबे जोडून द्यावीत. त्यांनी पहिले वर्षभर दर पंधरा दिवसांनी फोन करावा. काही काम असो वा नसो. फोन नोकरी करणाऱ्यालाच नको, घरी असणाऱ्यालाही स्वतंत्र यावा.

दुसरी. ज्येष्ठांचे कार्यक्रम नेहमी वातानुकूलित सभागृहात कशाला? आठवड्यातून दोनदा सकाळी साडेसात ते साडेआठ जवळच्या उद्यानात फिरणे ठेवावे. उजेड, चालणे आणि मराठी बोलणे, तिन्ही एकदम होतात. खर्च शून्य.

तिसरी. ज्येष्ठांना पाहुणे न समजता काम द्यावे. मुलांच्या मराठी वर्गात गोष्ट सांगणे, ग्रंथालयाची नोंदवही, गणपतीच्या मोदकांची देखरेख. विरंगुळा म्हणून देऊ नये, जबाबदारी म्हणून द्यावे. अंतराळवीर टिकतात ते बरेचसे कामामुळे.

चौथी. प्रत्येक अंकाच्या शेवटच्या पानावर मदतीचे क्रमांक छापावेत. समॅरिटन्स ऑफ सिंगापूरचा १७६७ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. मन मोकळे करण्यासाठी १७७१ ही राष्ट्रीय मदतवाहिनी जून २०२५ मध्ये सुरू झाली आहे. जिवाला तातडीचा धोका असेल तर ९९५. कोणी जगणे नको झाल्याचे बोलले तर त्याला गप्प करू नये, एकटे सोडू नये आणि सरळ विचारावे. विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही.

पासचे काय होईल, नोकरीचे काय होईल, ही धास्ती आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हेही सांगतो. आत्महत्येचा प्रयत्न हा १ जानेवारी २०२० पासून इथे गुन्हा राहिलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या वर्कप्लेस फेअरनेस कायद्यात नोकरीत भेदभाव करू नये अशा कारणांमध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. २०१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सोळांतल्या एका प्रौढाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेल्याचे आढळले होते. ती पाहणी नागरिक आणि कायम रहिवासी यांच्यापुरती होती. पासवर असलेली आपली घरे त्यात मोजलेलीच नाहीत. म्हणून आपली मोजणी आपणच करायची आहे, आणि ती फोन उचलूनच होईल.

स्वयंसेवक डॉक्टरची जागा घेऊ शकत नाहीत, ही मर्यादा मान्य. पण डॉक्टरपर्यंत जाण्याआधी कोणीतरी विचारावे लागते. "इतके सगळे असून तुला कमी काय आहे?" हा प्रश्न आपण आजपासून बंद करू या. त्याऐवजी "झोप लागते का? आज बाहेर पडलात का? कोणाशी बोललात?" एवढे तीन प्रश्न विचारू या. येत्या कार्यकारिणी सभेत वरील सूचनांवर चर्चा व्हावी अशी विनंती आहे. जोडीदार कुटुंब म्हणून नाव देऊ इच्छिणाऱ्यांनी सभेच्या दिवशी नोंदवहीत नाव लिहावे. पहिले नाव आमचे धरावे.